कुबरनेटीसच्या व्हॉल्यूमचा बॅकअप व्हेलेरोच्या एपीआयने: पायऱ्या कुठल्या क्रमाने करायच्या आणि कुठे चुकतं

रत्नागिरी, देवगड, मालवण पट्ट्यात आता छोटी छोटी ॲप्स कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या डब्यात) चालतात. आंब्याच्या ऑर्डरी, होमस्टेचं बुकिंग, पतसंस्थेचं रोजचं कलेक्शन, आणि मागे दोन-तीन मशीनवर बसवलेला के-थ्री-एसचा क्लस्टर, म्हणजे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या हलक्या आवृत्तीने एकत्र जोडलेली मशीनं. बॅकअपसाठी बहुतेक जण व्हेलेरो (कुबरनेटीसचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर) टाकतात आणि एक स्क्रिप्ट लिहितात, जी रोज रात्री एपीआयला (प्रोग्रामने विनंत्या पाठवायच्या दाराला) कॉल करते, २०१ उत्तर आलं की लॉगमध्ये "बॅकअप झाला" छापते आणि बंद होते. इथेच सगळं चुकतं, कारण २०१ चा अर्थ एवढाच की तुमची विनंती नोंदवली गेली. देवगडच्या एसटी स्टँडवर पेटीची पावती मिळाली म्हणून पेटी दादरला उतरली असं कोणी समजत नाही ना, तसंच हे. डेटा खरंच गेला का, कुठे गेला, आणि परत येतो का, हे तीनही वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं स्क्रिप्टलाच काढता आली पाहिजेत.

खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा, विशेषतः तिसरी पायरी मागेपुढे केलीत तर नंतर दुरुस्त करता येत नाही.

पायरी १: आधी व्हॉल्यूमची यादी

कोड लिहायच्या आधी एक कागद घ्या किंवा शीट उघडा आणि प्रत्येक पीव्हीसी (ॲपने मागितलेली डिस्कची जागा, म्हणजे व्हॉल्यूम) लिहून काढा: कुठल्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या कप्प्यात), कुठल्या स्टोरेजक्लासवर (स्टोरेजच्या प्रकारावर), किती जीबी, कुठला पॉड (चालू कंटेनरचा संच) वापरतो, आणि आत काय आहे. डेटाबेस, अपलोड केलेले फोटो, की नुसता कॅश. कॅशचा बॅकअप घेऊ नका, आपल्याकडच्या लाइनवर रात्रभर निरुपयोगी फाइली अपलोड होत बसतात आणि खरा डेटा मागे राहतो.

स्टोरेजक्लासचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. के-थ्री-एस नुसता बसवला की लोकल-पाथ हा स्टोरेजक्लास मिळतो, आणि त्याला स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) येत नाही. वर तो बऱ्याच आवृत्त्यांत मूळ सेटिंगमध्ये होस्टपाथ (मशीनवरचा थेट फोल्डर) प्रकारचे व्हॉल्यूम बनवतो आणि व्हेलेरोचा फाइल सिस्टिम बॅकअप, म्हणजे एकेक फाइल वाचून घेतलेला बॅकअप, होस्टपाथला हात लावत नाही. म्हणजे दोन्ही रस्ते बंद, आणि तरीही बॅकअपची स्थिती कम्प्लिटेड दिसू शकते कारण डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, सीक्रेट (पासवर्ड ठेवायची नोंद) हे सगळे ऑब्जेक्ट, म्हणजे कुबरनेटीसमधल्या नोंदी, नीट गेलेले असतात. डेटा मात्र शून्य.

इथून दोन मार्ग:

पहिला, लोकल-पाथच ठेवायचा असेल तर पीव्हीसी बनवतानाच त्यावर व्हॉल्यूमटाइप लोकल अशी ॲनोटेशन (ऑब्जेक्टला चिकटवायची टीप) द्यायची. लोकल प्रकार फाइल सिस्टिम बॅकअपला चालतो. आधीच बनलेल्या पीव्हीसीवर नंतर ॲनोटेशन चिकटवून उपयोग नाही, नवीन बनवून डेटा हलवावा लागतो.

दुसरा, लाँगहॉर्नसारखं सीएसआय (कुबरनेटीसला स्टोरेज जोडायची ठरलेली पद्धत) स्नॅपशॉट देणारं स्टोरेज. इथे स्नॅपशॉट कंट्रोलर आणि त्याच्या सीआरडी (नवीन प्रकारच्या ऑब्जेक्टच्या व्याख्या) के-थ्री-एसवर आपल्या आपणच बसवाव्या लागतात, हे लोक विसरतात. मग व्हॉल्यूमस्नॅपशॉटक्लास बनवा, त्याला व्हेलेरोचं सीएसआय व्हॉल्यूमस्नॅपशॉटक्लासवालं लेबल ट्रू करून लावा, आणि लाँगहॉर्न असेल तर पॅरामीटरमध्ये टाइप स्नॅप द्या, नाहीतर तो स्वतःच्या वेगळ्या बॅकअप टार्गेटकडे पाठवायला बघतो. व्हेलेरो इन्स्टॉल करताना एनेबल-सीएसआय हे फीचर आणि नोड-एजंट (व्हेलेरोचा प्रत्येक मशीनवर चालणारा मदतनीस), दोन्ही चालू पाहिजेत. १.१४ पासून सीएसआयचं प्लगिन व्हेलेरोच्या आतच आलंय, पण म्हणून फीचर आपोआप चालू होत नाही.

तपासा: पुढे जायच्या आधी हाताने एक व्हॉल्यूमस्नॅपशॉट बनवून बघा. त्याच्या स्टेटसमध्ये रेडी-टू-यूज ट्रू आलं तरच स्टोरेजचा भाग बरोबर आहे. हे नाही आलं तर व्हेलेरोच्या सेटिंगमध्ये डोकं घालून काही सापडणार नाही.

पायरी २: डेटा घराबाहेर कसा जाईल ते ठरवा

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. लाँगहॉर्नचा स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. म्हणून बॅकअपच्या स्पेकमध्ये (काय हवं ते लिहायच्या भागात) स्नॅपशॉट-मूव्ह-डेटा ट्रू करायचं (१.१२ पासून आहे), मग व्हेलेरो स्नॅपशॉटमधून डेटा वाचून ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (नेटवरून फाइली ठेवायच्या साठ्यात, त्यातल्या कप्प्याला बकेट म्हणतात) नेऊन ठेवतो.

आता ते ऑब्जेक्ट स्टोरेज कुठे असावं. मिनिओ (स्वतः चालवायचं ऑब्जेक्ट स्टोरेज) त्याच क्लस्टरमध्ये चालवून त्यातच बॅकअप टाकणारे मी बरेच पाहिलेत आणि दरवेळी तेच सांगतो, क्लस्टर उठत नसेल तेव्हाच बॅकअप लागतो, आणि तेव्हा तो मिनिओही उठलेला नसणार. शेजारच्या खोलीतला नासही (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) पुरेसा नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावर जे जे होतं ते एकत्रच भिजलं, सर्व्हर काय आणि त्याच्या बाजूची डिस्क काय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा किमान एक प्रत जिल्ह्याबाहेर पाहिजे, मुंबई रीजनचं क्लाउड बकेट घ्या किंवा पुण्याच्या भावाच्या घरी मिनिओ ठेवा, पण बाहेर.

बकेट ठरलं की बॅकअप-स्टोरेज-लोकेशन हा ऑब्जेक्ट बनवा. मिनिओ असेल तर फोर्स-पाथ-स्टाइल ट्रू लागतं आणि रीजनची जागा रिकामी सोडू नका.

तपासा: या ऑब्जेक्टच्या स्टेटसमध्ये फेज अव्हेलेबल आहे का बघा. स्क्रिप्टनेही रोज बॅकअप पाठवायच्या आधी हे बघावं, कारण बकेटची चावी बदलली की पहिली खूण इथेच दिसते.

सावध: बकेटमध्ये जे ऑब्जेक्ट जातात त्यात कुबरनेटीसची सीक्रेट्सही असतात आणि ती बेस-६४ मध्ये असतात, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली नसतात. बकेट पब्लिक तर नाहीच नाही, पण ऑफिसातल्या सगळ्यांना वाचायला मोकळंही ठेवू नका.

पायरी ३: कोपियाचा पासवर्ड, पहिल्या बॅकअपच्या आधी

व्हॉल्यूमचा डेटा कोपिया (व्हेलेरो आतून वापरतो ते बॅकअपचं साधन) एन्क्रिप्ट करून ठेवतो आणि त्याचा पासवर्ड व्हेलेरोच्या नेमस्पेसमधल्या व्हेलेरो-रेपो-क्रेडेन्शियल्स या सीक्रेटमध्ये असतो. तुम्ही काही केलं नाहीत तर व्हेलेरो सगळ्यांना सारखाच असलेला ठरलेला पासवर्ड टाकतो. म्हणून पहिला बॅकअप घ्यायच्या आधी स्वतःचा लांब पासवर्ड बनवून तिथे टाका.

पहिल्या बॅकअपनंतर तो बदललात तर जुनी रेपॉझिटरी उघडत नाही. आणि तो पासवर्ड फक्त क्लस्टरमध्येच असेल, तर क्लस्टर गेल्यावर बकेटमधला सगळा डेटा तुमच्यासमोर असेल पण वाचता येणार नाही. कागदावर लिहून धंद्याच्या मालकाच्या कपाटात ठेवा, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, काहीही करा, पण क्लस्टरच्या बाहेर एक प्रत असू दे.

पायरी ४: स्क्रिप्टला लागतील तेवढेच हक्क

स्क्रिप्टसाठी वेगळं सर्व्हिसअकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामचं खातं) बनवा. रोल व्हेलेरोच्या नेमस्पेसपुरता: बॅकअप्सवर क्रिएट, गेट, लिस्ट, आणि डेटाअपलोड्स, पॉड-व्हॉल्यूम-बॅकअप्स, स्टोरेज-लोकेशन यांवर फक्त वाचण्याचा हक्क. ॲपच्या नेमस्पेसमधल्या पीव्हीसींची यादी वाचायचा हक्कही द्या, पायरी ७ मध्ये लागेल. बस.

क्लस्टर-ॲडमिन देऊन मोकळे होऊ नका. रिस्टोर बनवायचा हक्कही या स्क्रिप्टला नको, कारण व्हेलेरो स्वतः पूर्ण अधिकाराने चालतो, त्यामुळे ज्याला रिस्टोर बनवता येतो त्याला त्या मार्गाने क्लस्टरमध्ये जवळजवळ काहीही उभं करता येतं.

टोकनचं म्हणाल तर १.२४ पासून कुबरनेटीस सर्व्हिसअकाउंटला कायमचं टोकन आपोआप देत नाही. स्क्रिप्ट क्लस्टरच्या आत क्रॉनजॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) म्हणून चालवलीत तर टोकन फाइलमधून मिळतं आणि अधूनमधून बदलतं, म्हणून सुरुवातीला एकदा वाचून व्हेरिएबलमध्ये धरून ठेवू नका, बॅकअप तासन्‌तास चालला की मधेच ४०१ (ओळख पटली नाही) यायला लागतं. दर कॉलला फाइल पुन्हा वाचा.

पायरी ५: डेटाबेसची तयारी

पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा आणि वॉल (बदल आधी लिहून ठेवायची त्याची नोंदवही) एकाच व्हॉल्यूमवर असेल तर सीएसआय स्नॅपशॉट एका क्षणाचा असतो, रिस्टोरनंतर पोस्टग्रेस वीज गेल्यावर उठतो तसाच वॉल वाचून उठतो. पण फाइल सिस्टिम बॅकअपमध्ये तसं नाही, तिथे चालू फाइली एकेक करून वाचल्या जातात, वाचता वाचता त्या बदलतात, आणि जे हातात येतं त्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्या मार्गाने जाणाऱ्यांनी प्री-हुक (बॅकअपच्या आधी चालणारी कमांड) लावून पीजी-डंप (पोस्टग्रेसचा डेटा फाइलमध्ये उतरवणारी कमांड) घ्यायचाच, आणि बॅकअपमध्ये डंपचाच व्हॉल्यूम घ्यायचा.

हुक म्हणजे पॉडवरची ॲनोटेशन: कुठल्या कंटेनरमध्ये, कुठली कमांड, किती वेळ थांबायचं. इथल्या चुका बघा, या रोज दिसतात.

हुकचा मूळ टाइमआउट ३० सेकंद आहे. सीझनच्या सुरुवातीला डेटाबेस लहान असतो तेव्हा डंप तेवढ्यात होतो, एप्रिलमध्ये ऑर्डरी वाढल्या की होत नाही. टाइमआउट पहिल्यापासूनच १५-२० मिनिटं ठेवा.

डंप पाइपने जीझिपमध्ये घालू नका. साध्या शेलमध्ये पाइपलाइनचं उत्तर शेवटच्या कमांडचं धरतात, म्हणजे पीजी-डंप मधेच मेला तरी जीझिप नीट संपतो आणि हुक यशस्वी झाला असं व्हेलेरोला वाटतं. बकेटमध्ये अर्धवट फाइल जाते आणि सगळीकडे हिरवं दिसतं. त्यापेक्षा कस्टम फॉरमॅटमध्ये थेट फाइलमध्ये डंप घ्या, आधी तात्पुरत्या नावाने, आणि तो नीट संपला तरच खऱ्या नावाने हलवा. कॉम्प्रेशन शून्यावर ठेवा. कोपिया स्वतः कालच्या डेटाशी ताडून फक्त बदललेले तुकडे पाठवतो, आधीच कॉम्प्रेस केलेल्या फाइलीत त्याला सारखे तुकडे फारसे सापडत नाहीत आणि रोज जवळजवळ पूर्ण फाइल वर जाते. गावातल्या फायबरवर हा फरक लगेच जाणवतो.

ऑन-एरर (हुक फसला तर काय करायचं) हे फेलच राहू द्या. डंप फसला तर बॅकअप लाल दिसायलाच हवा.

पायरी ६: बॅकअपची विनंती पाठवणं

व्हेलेरोचं वेगळं एपीआय सर्व्हर नाही, कुबरनेटीसच्याच एपीआयमध्ये व्हेलेरो डॉट आयओ हा ग्रुप आणि व्ही१ आवृत्ती. त्यात बॅकअप प्रकारचा ऑब्जेक्ट पोस्ट करायचा. स्पेकमध्ये कुठले नेमस्पेस घ्यायचे ते, स्टोरेज लोकेशनचं नाव, टीटीएल (बॅकअप किती काळ ठेवायचा ती मुदत), आणि स्नॅपशॉट-मूव्ह-डेटा किंवा डिफॉल्ट-व्हॉल्यूम्स-टू-एफएस-बॅकअप यातलं तुमच्या मार्गाचं जे असेल ते. डंपचाच व्हॉल्यूम पाठवायचा असेल तर हे दुसरं लावू नका, ते लावलं की पॉडचे बाकीचे व्हॉल्यूमही येतात. पॉडवर बॅकअप-व्हॉल्यूम्सची ॲनोटेशन देऊन त्यात डंपच्या व्हॉल्यूमचं नाव लिहा.

ऑब्जेक्ट व्हेलेरोच्याच नेमस्पेसमध्ये गेला पाहिजे. ॲपचा बॅकअप आहे म्हणून बरेच जण ॲपच्या नेमस्पेसमध्ये पोस्ट करतात. एपीआय ते मुकाट स्वीकारतं, २०१ देतं, आणि पुढे काहीच होत नाही कारण व्हेलेरो तिकडे बघतच नाही. फेज कायम रिकामी. पायरी ४ चा रोल नेमस्पेसपुरता ठेवला असेल तर निदान ४०३ (हक्क नाही) येऊन चूक लगेच कळते.

नाव ठरवताना विचार करा. लहान अक्षरं, आकडे, हायफन, टिंब एवढंच चालतं, वेळेतला कोलन चालत नाही. नावात तारीख आणि पाळीचा आकडा (त्या रात्रीची कितवी खेप) घाला, म्हणजे त्या रात्रीच्या बॅकअपचं नाव कधीही काढलं तरी तेच येईल. याचा फायदा असा की कॉल केला, नेट गेलं, उत्तर आलं नाही, आणि स्क्रिप्टने पुन्हा कॉल केला तर ४०९ (या नावाचा आधीच आहे) येतं, म्हणजे पहिली विनंती पोचली होती. ४०९ ला एरर समजून थांबू नका, सरळ पायरी ७ वर जा. नाव सर्व्हरला बनवू दिलंत किंवा रँडम घातलंत तर पावसाळ्यात नेट ये-जा करताना एका रात्रीत तीन-तीन बॅकअप सुरू होतात.

पायरी ७: स्थिती बघा, आणि मोजा

दर अर्ध्या मिनिटाने बॅकअप ऑब्जेक्ट वाचला तरी पुरतो, वॉचच्या भानगडीत पडायची गरज नाही. फेजचे शब्द नीट ओळखा:

न्यू, इनप्रोग्रेस, फायनलायझिंग: काम चालू.
वेटिंग-फॉर-प्लगिन-ऑपरेशन्स: ऑब्जेक्ट गेलेत, व्हॉल्यूमचा डेटा अजून वर जातोय. पहिल्या रात्री याच स्थितीत तासन्‌तास राहणार, त्यात बिघडलं काही नाही.
कम्प्लिटेड: संपलं.
पार्शली-फेल्ड, फेल्ड, फेल्ड-व्हॅलिडेशन: तिघांनाही अपयश धरा. पार्शली-फेल्ड मध्ये जो भाग गेला नाही तो नेमका डेटाबेसचा असू शकतो.

यातल्या वेटिंग आणि फायनलायझिंगच्या नावांनाही पुढे पार्शली-फेल्ड जोडलेली रूपं आहेत, ती अजून चालू स्थितीचीच. म्हणून नावात फेल शब्द आहे का असं शोधू नका, पूर्ण नाव जुळवा.

कम्प्लिटेड आल्यावर खरी तपासणी सुरू होते. त्या बॅकअपच्या नावाचं लेबल असलेले डेटाअपलोड ऑब्जेक्ट (फाइल सिस्टिमच्या मार्गात पॉड-व्हॉल्यूम-बॅकअप) मागवा. पायरी १ च्या यादीत जितके व्हॉल्यूम होते तितके आहेत का? प्रत्येकाची फेज कम्प्लिटेड आहे का? बाइट्सचा आकडा कालच्या जवळपास आहे का? आणि क्लस्टरमध्ये एखादा पीव्हीसी यादीबाहेरचा नवीन दिसतोय का? तीन व्हॉल्यूम हवेत आणि दोनच आलेत, तर बॅकअपच्या फेजमध्ये काहीही लिहिलेलं असो, स्क्रिप्टने अपयश कळवायचं. स्टेटसच्या प्रोग्रेसमध्ये जे आयटम मोजलेले असतात ते कुबरनेटीसचे ऑब्जेक्ट आहेत, डेटाचा त्यांच्याशी संबंध नाही.

सावध: फाइल सिस्टिम बॅकअप चालू पॉडला जोडलेलाच व्हॉल्यूम घेतो. होमस्टेवाल्यांनी पावसाळ्यात बुकिंग ॲप शून्य रेप्लिकावर (एकही पॉड चालू नाही असं) आणून ठेवलं असेल तर त्याचा डेटा रोज सुटतो.

सावध: बॅकअप इनप्रोग्रेस असताना वीज गेली आणि व्हेलेरोचा पॉड नव्याने उठला तर तो बॅकअप फेल्ड होतो, राहिला तिथून पुढे चालू होत नाही. स्क्रिप्टने पाळीचा आकडा एकने वाढवून नवीन विनंती पाठवावी. कोपियाकडे आधी चढलेले तुकडे बऱ्याचदा कामी येतात, त्यामुळे दुसरी खेप लवकर उरकते.

पायरी ८: वेळ आणि मुदत

शेड्यूल ऑब्जेक्ट वापरत असाल तर त्यातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. आपण साडेपाच तास पुढे. रात्री १ चा बॅकअप हवा तर १९:३० लिहायचं, आणि वार आदल्या दिवसाचा: रविवारी पहाटे १ म्हणजे तिथे शनिवार. नुसतं १ लिहिलंत तर बॅकअप सकाळी साडेसहाला सुरू होतो, म्हणजे पेट्या भरायच्या घाईत.

टीटीएल दिला नाहीत तर ७२० तास, म्हणजे ३० दिवस. आंब्याच्या धंद्याला हे घातक आहे. मे अखेरीस सीझन संपला, हिशोबाचा शेवटचा बॅकअप घेतला, आणि जूनअखेरीस तो आपोआप पुसला गेला. सीझन संपताना एक वेगळा बॅकअप घ्या आणि त्याला ९६०० तास द्या, पुढचा सीझन सुरू होईपर्यंत पुरतो. मुदत तासांतच लिहा, दिवसांचं डी हे अक्षर तिथे चालत नाही.

पायरी ९: रिस्टोर करून बघणं

महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्याच्या आधी नक्की. रिस्टोर ऑब्जेक्टमध्ये नेमस्पेस-मॅपिंग देऊन चाचणीच्या नेमस्पेसमध्ये उतरवा. चालू नेमस्पेसवर रिस्टोर करून काही कळत नाही, आधीपासून असलेल्या पीव्हीसीला व्हेलेरो सोडून देतो, डेटा बॅकअपच्या वेळेचा होत नाही आणि रिस्टोर मात्र झालेला दिसतो.

पण चाचणीचा नेमस्पेस वेगळा म्हणजे सगळं वेगळं असं धरून चालू नका. तीन गोष्टी आधीच बंद करा.

इनग्रेस (बाहेरून डोमेनवर आलेली विनंती ॲपकडे वळवणारी नोंद) वगळा, नाहीतर त्याच डोमेनवर दोन दावेदार होतात आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर चाचणीच्या ॲपमध्ये पडू शकते.

क्रॉनजॉब वगळा. "तुमची पेटी आज निघाली" असा एसएमएस महिन्यापूर्वीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पुन्हा गेला तर फोन घेता घेता दिवस जाईल.

आणि सगळ्यात वाईट: ॲपच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पूर्ण पत्ता नेमस्पेससकट लिहिलेला असेल तर चाचणीतला ॲप सरळ चालू डेटाबेसला जाऊन लिहायला लागतो. म्हणून नेमस्पेस आधी रिकामा बनवा, त्यात नेटवर्क-पॉलिसी (पॉडने कुणाशी बोलायचं याचा नियम) लावा की आतल्या आत आणि डीएनएसला जाऊ दे, बाकी बाहेर काही नाही, आणि मगच रिस्टोर पाठवा. हा क्रम उलटा करू नका, पॉड उठून पॉलिसी लागेपर्यंतचे काही सेकंदही पुरतात.

तपासा: रिस्टोरची फेज कम्प्लिटेड झाली की डेटाबेसमध्ये शिरा. शेवटच्या ऑर्डरची वेळ बॅकअपच्या वेळेच्या जरा आधीची आहे का? त्या दिवसाच्या ऑर्डरींची बेरीज वहीशी जुळते का? अपलोडमधला एक फोटो प्रत्यक्ष उघडा. डंपच्या मार्गाने गेला असाल तर डंप रिकाम्या डेटाबेसमध्ये पूर्ण चढवून बघा, नुसता फाइलचा आकार बघू नका. किती वेळ लागला तोही लिहून ठेवा, वादळानंतर मालक पहिलं तेच विचारणार.

झालं की चाचणीचा नेमस्पेस काढा, आणि रिक्लेम पॉलिसी (पीव्हीसी काढल्यावर व्हॉल्यूमचं काय करायचं ते) रिटेन असेल तर मागे राहिलेले व्हॉल्यूमही काढा.

पायरी १०: जुने बॅकअप काढणं

जागा भरली म्हणून बॅकअप ऑब्जेक्ट एपीआयने डिलीट केलात तर तो थोड्याच वेळात परत उगवतो, कारण बकेटमध्ये प्रत आहे हे बघून व्हेलेरो नोंद पुन्हा बनवतो. आणि उलट, बकेटमधल्या फाइली हाताने पुसल्यात तर कोपियाची रेपॉझिटरी मोडते, त्यात इतर बॅकअपचेही तुकडे असतात. काढायचं असेल तर डिलीट-बॅकअप-रिक्वेस्ट हा ऑब्जेक्ट बनवून त्यात बॅकअपचं नाव द्यायचं. बकेटची जागा लगेच मोकळी होत नाही, कोपियाची साफसफाई नंतर सावकाश चालते, तेव्हा दुसऱ्या दिवशी आकडा कमी दिसला नाही म्हणून घाईने आणखी बॅकअप काढू नका. हा डिलीटचा हक्कही रोजच्या स्क्रिप्टला देऊ नका, तो माणसाच्याच हातात राहू दे.